चिबड

छत्तीस वर्षं गंगापूरच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होतो.
पाणी कुठं मुरतं, कुठं कोण चोरतं,
चिखलाच्या वासावरून सांगायचो.
आणि माझ्याच पाठीत गळती लागली
ती मला कळली नाही.

आधी चप्पल गेली.
मखमलाबाद नाक्यावर डाव्या पायातली निसटली,
मी तसाच वीस पावलं पुढं.
हिरानं मागून हाक मारली, "अहो, चप्पल!"
पायाला पत्ताच नव्हता.

मग पांडवलेणीच्या पायऱ्या. चढताना पाय शिशाचे,
टेकलं की हलके, उठलं की पुन्हा तेच.
मग रात्री लघवीला उभं राहायचं
आणि वाट बघायची,
शेवटच्या चारीवरच्यानं आवर्तनाची बघावी तशी.

मणका घासलाय. गादी सरकलीय. साखर तपासा. वय बघा.
पट्टा बांधला, सुया टोचल्या,
सातपूरच्या एकानं कसलंसं तेल चोळलं,
त्याचा वास चादरीला अजून आहे.
एका मोठ्या डॉक्टरांना मज्जारज्जूला सूज दिसली.
तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड सोडलं,
चौथ्या दिवशी मला खाटेवरून उतरता येईना.

मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात
घोटेकर मॅडमनी जुनीच फिल्म उजेडाला धरली,
चार जणांनी बघून झालेली.
मज्जेच्या मागं काळे ठिपके,
मुंग्यांची रांग चालल्यासारखे.
"हे डाग नाहीत, काका. फुगलेल्या शिरा आहेत.
रक्त इतकं पळतंय की फोटोत काळं उमटतं."
धमनीतलं रक्त थेट शिरेत उतरतंय, म्हणाल्या,
मधली बारीक जाळी चुकवून.
शीर तुंबली, म्हणून मज्जा ओली.
लाखात एखाद्याला होतं.
हिरा म्हणाली, लॉटरी मात्र कधी लागली नाही.

मी म्हटलं, म्हणजे पाट फुटून चरात घुसलाय.
चरच तुडुंब, तर वावराचं पाणी निघणार कुठून?
आम्ही त्याला चिबड म्हणतो.
आणि ओल दिसते खाली, मॅडम, भगदाड असतं वर.
त्या थांबल्या.
माझ्या केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलं: चिबड.

जांघेतून नळी घातली. मी जागाच होतो.
बरगडीबरगडीची धमनी, डावी, उजवी,
एकेक चारी उघडून बघावी तशी.
"श्वास रोखा." अंगात ऊन ऊन काहीतरी पसरायचं.
"सोडा."
किती वेळा, मोजणं सोडून दिलं.
डाव्या सातवीला खोलीतलं बोलणं बंद झालं.
पडद्यावर काळी रेघ वळवळत वर निघाली,
उगाच, चुकीच्या वाटेनं,
आणि मला ती बघून, काय सांगू, बरं वाटलं.
भगदाड सापडल्यावर वाटतं तसं.

दहावीतून एक केसाएवढी धमनी निघते,
वर जाऊन केसातल्या आकड्यासारखी वळते.
तिच्यावर मज्जा जगते. तिला धक्का नाही लावायचा.
माझं भगदाड तिच्यापासून लांब होतं, एवढं नशीब.
मग गोंद सोडला, थेंबथेंब.
पलीकडं शिरेच्या तोंडापर्यंत पोचला पाहिजे,
अलीकडं अडला तर पाणी दुसरी वाट काढतं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी लघवीला आपला आपण गेलो.
हिरानं हे फोनवर तिच्या बहिणीलाही सांगितलं.

काठी आहे अजून. डावा तळवा बहिरा आहे.
वर्षभर धीर धरा, म्हणतात. सगळं परत येईलच असंही नाही.
चर मोकळा केला तरी चिबड जमीन
लगेच पीक देत नाही,
आधी मीठ वर येतं, पांढरं.

आंघोळीनंतर हिरा माझ्या तळव्यावर
पेनाच्या मागच्या टोकानं अक्षर काढते.
डोळे मिटून मी ओळखायचं.
काल म्हटलं, "न."
"ग होता," ती म्हणाली.
पण काहीतरी होतं.
म्हटलं, पुन्हा काढ.